फोटोला पाठही असते

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. कार्यवाह आणि सर्व विश्वस्त
(वाचनालयाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना हे पत्र आहे त्यांना ते वाचताच कळेल. बाकीच्यांच्या गावच्या वाचनालयातही एक बंद कपाट असतेच, त्यांनी आपले नाव घालून वाचावे.)

स.न.वि.वि.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका परवा टपालाने आली. विषय क्रमांक ७ : ‘जीर्ण, कालबाह्य व स्कॅनिंग पूर्ण झालेल्या साहित्याचे (जुनी छायाचित्रे, आल्बम, काचा) निर्लेखन करणेस मंजुरी देणे.’ (काचा म्हणजे जुन्या फोटोंच्या काचेच्या निगेटिव्ह.) सहावा विषय चहापानाच्या खर्चाचा, आठवा अभ्यासिकेच्या एसीचा. या दोहोंच्या मध्ये, एका ओळीत, एकोणिसाव्या शतकातले ४१२ फोटो रद्दीत निघाले आहेत. ४१२ हा आकडा माझ्या आजोबांच्या वहीतला. तुमच्या दफ्तरी तो असेल असे वाटत नाही, कारण ती वहीही त्याच कपाटात आहे.

सभेत सभासदाला बोलायला तीन मिनिटे मिळतात आणि त्यातले एक माइक सुरू होण्यात जाते. म्हणून हे पत्र. आणि गावालाही कळावे म्हणून ते खुले.

आधी माझा यात संबंध काय ते सांगतो. आमचा फोटो स्टुडिओ आजोबांनी काढला, वडिलांनी चालवला आणि मी तो आता पासपोर्ट फोटो व जुन्या फोटोंची दुरुस्ती यांवर कसाबसा तगवून धरला आहे. आजोबांना एक नाद होता. वाडे विकले जात, वाटण्या होत, माळे रिकामे होत. भांडीकुंडी भाऊबंद वाटून घेत आणि फोटोंची पेटी रद्दीवाल्याकडे जाई. आजोबा रद्दीवाल्यांना चहा पाजत, त्यांच्या दुकानात तासन्‌तास बसत आणि पेटीतले फोटो वजनावर विकत घेत. आजी म्हणायची, लोकांचे मेलेले पूर्वज आमच्या घरी जेवायला. तीस वर्षांत जमलेला हा ऐवज त्यांनी १९६९ साली तुमच्या वाचनालयाला दिला. ‘घरात राहिला तर पोरं विकतील, वाचनालयात टिकेल,’ हा त्यांचा हिशेब. त्या वेळच्या कार्यवाहांच्या सहीची पावती माझ्याकडे आहे. ‘कायम जतन करण्याच्या अटीवर साभार स्वीकार’ असे शब्द तिच्यावर आहेत.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना आजोबा मला त्या कपाटापाशी घेऊन गेले होते. एक फोटो हातात दिला. पत्त्याच्या पानाएवढा, पुठ्ठ्यावर चिकटवलेला. पगडीवाला गृहस्थ उभा, एक हात खुर्चीच्या पाठीवर, मागे रंगवलेला पडदा, पडद्यावर खांब आणि बाग. ‘याला पाय किती?’ आजोबांनी विचारले. मी म्हटले, दोन. ‘नीट बघ.’ भिंग दिले. गृहस्थांच्या जोड्यांच्या मागे लोखंडी पायाचा एक तुकडा डोकावत होता. तो मान धरून ठेवणाऱ्या चिमट्याचा पाया. त्या काळी काच ओली असतानाच फोटो काढावा लागे. कलोडियन नावाचे चिकट द्रावण काचेवर ओतायचे, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायची आणि वाळायच्या आत फोटो काढून धुवून मोकळे व्हायचे. तेवढ्यात समोरच्याने कित्येक सेकंद मान हलवायची नाही. म्हणून तो चिमटा. आपले सगळे थोर पूर्वज फोटोत इतके करारी का दिसतात याचे निम्मे उत्तर त्या चिमट्यात आहे.

तुमच्या संकेतस्थळावर तो फोटो मी परवा पाहिला. खालून गुडघ्यापर्यंत कापला आहे. तिसरा पाय गेला. पहिले दोनही गेले.

हे पत्त्याच्या पानाएवढे फोटो ही साधी चीज नव्हती. पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरने १८५४ साली या पद्धतीचे पेटंट घेतले. एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घ्यायचे, अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या पातळ कागदावर छापायचे, कापायचे आणि पुठ्ठ्यावर डकवायचे. भेटीला जाताना देतात त्या कार्डाच्या मापाचे, म्हणून नावही तसेच, ‘कार्त द व्हिझित’. १८६० मध्ये लंडनच्या मेयॉलने राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे असे फोटो विक्रीला काढले आणि वेडच लागले लोकांना. आल्बममध्ये एका पानावर आपली आत्या, समोरच्या पानावर इंग्लंडची राणी. याच मेयॉलने १८७५ साली कार्ल मार्क्सचा फोटो काढला, तो दाढीवाला; पुढे जगभरच्या भिंतींवर तोच गेला. राणी आणि मार्क्स एकाच्याच कॅमेऱ्यासमोर बसले, याची मला उगाच गंमत वाटते.

आणि हे सगळे सातासमुद्रापार चालले होते असेही नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, देशातली पहिली. तिच्यात डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतः उत्तम फोटो काढत. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांचे फोटो गेले. तुम्ही निर्लेखनाला काढलेल्या कपाटात त्यांच्या स्टुडिओचा ठसा असलेली सात कार्डे आहेत. तो ठसा कुठे आहे? पाठीवर.

इथून माझ्या तक्रारी सुरू होतात.

पहिली आणि सगळ्यांत मोठी. तुम्ही फोटोंची पाठ स्कॅन केलेली नाही. एकाही फोटोची नाही. मी संकेतस्थळावरचे सगळे पाहिले, दोन रात्री घालवल्या. अशा फोटोचे निम्मे बोलणे पाठीवर असते. फोटोग्राफरचे नाव, गल्ली, मिळालेली पदके, कधी ‘काच राखून ठेवली आहे, पुन्हा प्रत मिळेल’ अशी सूचना. शिवाय घरच्या माणसाने शाईने लिहिलेले नाव. आपल्याकडे ते बहुधा मोडी लिपीत असते. पुठ्ठ्यावरूनही बरेच कळते. १८६० च्या दशकातला पुठ्ठा पातळ, कोपरे काटकोनी. सत्तरीत कोपरे गोल व्हायला लागतात. ऐंशीत पुठ्ठा जाड होतो, कडांना सोनेरी मुलामा येतो. तुम्ही समोरची बाजू स्कॅन केली, वर पुठ्ठ्याच्या कडाही कापून टाकल्या. ‘स्वच्छ दिसावे म्हणून,’ असे मला सांगण्यात आले.

स्वच्छ दिसल्याचा परिणाम सांगतो. गेल्या १८ जानेवारीला वाचनालयाच्या पानावर न्यायमूर्ती रानडे यांना अभिवादन म्हणून एक फोटो टाकला गेला. पगडी, उपरणे, हातात पुस्तक. पगडी आणि पुस्तक दिसले की आपण एक तर रानडे म्हणतो नाहीतर लोकहितवादी. तो फोटो गावभर फिरला. एका शाळेच्या फळ्यावर छापून लावला गेला. आजोबांच्या वहीत तो १३८ क्रमांकाचा आहे. पाठीवर मोडीत नाव आहे, आजोबांनी ते वहीत बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवून घेतले आहे : जवळच्या तालुक्यातले एक मुन्सफ. बरे, वही बाजूला ठेवा, नुसता पुठ्ठा बघा. पातळ, काटकोनी कोपऱ्यांचा. म्हणजे १८६० च्या दशकातला. फोटोतला माणूस साठीचा, तोंडात दात नाहीत. रानडे जन्मले १८४२ मध्ये. १८६५ साली ते तेवीस वर्षांचे होते. तेवीस वर्षांच्या माणसाचे दात आपण अभिवादनाच्या नादात पाडले.

मी फोन केला तेव्हा उत्तर आले, ‘असू द्या हो, भावना महत्त्वाची.’ मुन्सफांचे काय? त्या माणसाने चांगले कपडे घातले, मुंबईला गेला, मानेत चिमटा घालून उभा राहिला आणि पाठीवर स्वतःचे नाव लिहून ठेवले. त्याचा तेवढा एक फोटो. तो आता रानडे झाला. मूळ कार्ड रद्दीत गेले की कायमचा रानडे झाला.

खोट्या ओळखी चिकटायला वेळ लागत नाही, निघायला मात्र पिढ्या जातात. झाशीच्या राणीचा म्हणून जो फोटो दर वर्षी फिरतो तो पाहा. राणीचा खात्रीलायक असा एकही फोटो ज्ञात नाही. तरी तो फिरतोच, कारण त्या फोटोचे मूळ काय, पाठीवर काय, तो कुठून आला, हे विचारायची आपल्याला सवय नाही. याउलट बहादुरशहा जफरचा १८५८ चा फोटो घ्या. दिल्लीत कैदेत असताना काढलेला, थकून रेललेला म्हातारा. तो कोणी काढला, कधी काढला हे नोंदलेले आहे, म्हणून तो पुरावा आहे. नोंद नसती तर तो ‘एक वृद्ध मुस्लिम गृहस्थ’ झाला असता. किंवा कोणाच्या तरी जयंतीला भलताच कोणी.

दुसरी तक्रार स्कॅनिंगच्या दर्जाची. ती थोडक्यात आटोपतो, कारण ती साध्या गणिताची आहे. स्कॅन १५० डीपीआयला, म्हणजे इंचाला १५० ठिपके या हिशेबाने, केले आहेत. पूर्ण उभ्या माणसाच्या या छोट्या फोटोत चेहरा साधारण आठ मिलिमीटर भरतो. म्हणजे कपाळापासून हनुवटीपर्यंत सुमारे ४७ ठिपके. तेवढ्यात नाक, डोळे, मिशा आणि देवीचे व्रण सगळे बसवायचे. मूळ फोटोत भिंगाखाली अंगरख्याची शिवण दिसते. त्या ४७ ठिपक्यांवरून तुम्ही वाचनालयाच्या नावाचा शिक्काही आडवा मारला आहे, तो बरोबर नाकावर येतो. चोरी होऊ नये म्हणून असेल. पण उरलेच काय चोरायला?

तिसरी, रंगांची. यंदाची दिनदर्शिका एआयने रंगवलेल्या फोटोंची आहे, मुखपृष्ठावर नऊवारीतली बाई. छपाई सुरेख आहे, नाही म्हणत नाही. पण बाईच्या कपाळावर काळी टिकली आहे. १८८० च्या सुमाराची सवाष्ण काळी टिकली लावून फोटोला बसेल? ते कुंकू आहे हो. त्या काळच्या काचेला लाल रंग दिसतच नसे. निळा आणि जांभळा प्रकाश तिला कळे, लाल कळत नसे, म्हणून लाल ते सगळे काळे उतरे. कुंकू काळे, लाल पगडी काळी, लाल काठ काळा. निळे मात्र फिके पांढुरके. यंत्राला हे ठाऊक नाही, ते दिसेल त्याला रंग देते. तुम्हाला ठाऊक नसावे याचे वाईट वाटले, कारण आजोबांनी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवले आहे : ‘काळे दिसते ते लाल असू शकते.’

याच दिनदर्शिकेत ऑगस्टच्या पानावर वाचनालयाच्या संस्थापकांपैकी एक आहेत. एआयने त्यांना गोरेपान केले आहे, गाल गुलाबी. त्यांची पणती आमच्याच आळीत राहते. दिनदर्शिका बघून म्हणाली, ‘आमच्या घरात एवढं गोरं कुणी नव्हतं, अजूनही नाही.’ कबूल, त्या काचेवर सावळा माणूस होता त्याहून गडद उतरे. पण म्हणून त्याला साहेब करायची मुभा मिळत नाही. अमेरिकेत फ्रेडरिक डग्लस नावाचा माणूस होऊन गेला. गुलामगिरीत जन्मला, पळून सुटला, मोठा वक्ता झाला. एकोणिसाव्या शतकात सर्वांत जास्त फोटो काढलेला अमेरिकन तो, लिंकनपेक्षाही जास्त. त्याच्या सुमारे १६० फोटोंचा पत्ता लागलेला आहे. गोरे चित्रकार काळ्या माणसाचा चेहरा धड काढत नाहीत, काचेसमोर मात्र लबाडी चालत नाही, असा त्याचा विश्वास. म्हणून तो पुन्हा पुन्हा जाऊन बसे, कपाळावर आठी घालून, न हसता. त्याने ज्या चेहऱ्यासाठी एवढा आटापिटा केला तोच आपण एका बटणाने उजळवून टाकतो.

चौथी तक्रार जरा हसण्यासारखी आहे. काचांपैकी काही उलट्या बाजूने स्कॅन झाल्या आहेत. काचेच्या निगेटिव्हला एक लेपाची बाजू असते, एक कोरी. ती चुकली की माणूस आरशातला होतो. पहिल्या अध्यक्षांचा लेखणी हातात घेतलेला फोटो आहे, तो तसा उलटा झाला आणि डावखुऱ्यांच्या दिवशी ‘आपले डावखुरे संस्थापक’ म्हणून पानावर झळकला. दीडशेच्या वर लोकांनी पसंती दिली, त्यात मीही होतो, नंतर कोटाच्या गुंड्यांकडे लक्ष गेले. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते, इथे उलटे. यात तुम्ही एकटे नाही. बिली द किड नावाच्या अमेरिकन दरोडेखोराचा पत्र्यावरचा एक फोटो आहे. पत्र्यावरचे फोटो मुळातच आरशासारखे उलटे उतरतात, हे न कळल्यामुळे लोकांनी त्याला वर्षानुवर्षे डावखुरा ठरवले होते. पण तो पत्रा जपलेला होता म्हणून चूक सापडली. आपल्या अध्यक्षांची काच भंगारात गेली की ते डावखुरेच राहणार.

आता विषय क्रमांक ७. ‘स्कॅन झाले, आता मूळ कशाला?’ हा प्रश्न मला तुमच्यातल्याच एका विश्वस्तांनी रस्त्यात थांबवून विचारला. प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून नीट उत्तर देतो.

अलेक्झांडर गार्डनरने ५ फेब्रुवारी १८६५ ला अब्राहम लिंकनचा एक फोटो काढला. काच तडकली. लिंकनच्या डोक्यावरून आडवी भेग गेली. त्या काचेवरून एकच प्रत छापली आणि काच टाकून दिली. आज वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत ती एकुलती प्रत आहे. हा फोटो एप्रिलमधला, खुनाच्या चार-पाच दिवस आधीचा, असे लोक कितीतरी वर्षे मानत होते. पुढे तारीख दुरुस्त झाली. दुरुस्ती करायला वस्तू शिल्लक लागते, एवढेच मला म्हणायचे आहे. त्या प्रतीचे कोणी ४७ ठिपके करून बाकी फेकले असते तर?

मॅथ्यू ब्रेडीने तर अख्ख्या अमेरिकेचे पुढारी काचेवर उतरवले होते. कर्जात बुडाला. १८७५ साली तिथल्या काँग्रेसने पंचवीस हजार डॉलर देऊन त्याच्या काचा घेतल्या, तोवर बऱ्याच इतस्ततः झाल्या होत्या. काही काचा माळ्यांनी रोपांच्या काचघराला लावल्या आणि उन्हाने सेनापतींचे चेहरे पुसले गेले, अशी तिकडे कथा सांगतात. खरी असो नसो. आपल्याकडे कोलकात्याच्या बोर्न अँड शेफर्डच्या स्टुडिओला १९९१ मध्ये आग लागली आणि शतकाहून जास्त काळचा ठेवा जळाला. ती आग होती, अपघात होता. आपण ठराव करून, सूचक-अनुमोदक लावून करणार आहोत.

चांगलेही उदाहरण आहे. राजा दीनदयाळ हे निजामाचे दरबारी फोटोग्राफर. राजेरजवाडे आणि व्हाइसरॉय त्यांच्या कॅमेऱ्यासमोरून गेले, १८९६ मध्ये त्यांनी मुंबईतही स्टुडिओ काढला. त्यांच्या २,८५७ काचा १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. त्यांच्याही प्रती स्कॅन होतात, प्रदर्शने होतात. म्हणून काचा फेकून दिल्या असे काही ऐकिवात नाही.

आणि आपल्या आनंदीबाई. आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या इस्लांबुली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात बसलेल्या. तो फोटो आता शाळकरी मुलांनाही माहीत आहे. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना, १० ऑक्टोबर १८८५ ला काढलेला. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. तारीख आणि तिघींची नावे आपल्याला ठाऊक आहेत ती कशामुळे? फोटोखाली ओळ आहे म्हणून, आणि त्या ओळीसकट तो कागद तिकडच्या संग्रहात कोणीतरी जपला म्हणून. तिसऱ्या बाईंच्या नावाचे स्पेलिंग त्या ओळीत एक आहे आणि आज अभ्यासक वेगळे लिहितात. चूक शोधायलाही मूळ ओळ लागते. आपल्याकडे मात्र हा फोटो बहुतेक वेळा फक्त आनंदीबाईंपुरता कापून येतो. दोन मैत्रिणी गेल्या, ओळही गेली. आपल्या मुलीचा तो फोटो परक्यांनी जपला, ही गोष्ट मला अभिमानाची वाटते की लाजेची, हे अजून ठरत नाही.

काही फोटोंवर तर प्रत्यक्ष त्या माणसाचे अक्षर असते. १८९३ मध्ये शिकागोत थॉमस हॅरिसनने विवेकानंदांचे फोटो काढले. त्यांपैकी काही प्रतींवर स्वामीजींनी स्वतःच्या हाताने ओळी लिहून दिल्या. कागदात मुरलेली ती शाई, लेखणीचा दाब, हे स्कॅनमध्ये फार तर दिसते. हाताला लागत नाही.

तुमची अडचण मला माहीत नाही असे नाही. अभ्यासिकेला जागा हवी. माझी मुलगी दोन वर्षे तिथेच बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. पहाटे पाचला रांगेत मी उभा राहायचो, तिची झोप व्हावी म्हणून. त्या मुलांना एसी मिळावा, आठव्या विषयाला माझा हात वर आहे. पण ते कपाट अडीच फूट रुंद आणि दीड फूट खोल आहे. ते हलवून किती मुले बसतील? एक. तीही पाय दुमडून.

आणि दोष सगळा आजच्या मंडळाचा नाही, हेही लिहितो. १९६९ पासून कोणी ते कपाट उघडून पुसले नव्हते. मागे ओल आलेली भिंत, आत डांबरगोळ्या, आल्बमला कसर लागलेली. आमच्या घरच्यांनीही चौकशी केली नाही. वडील एकदाच गेले होते, किल्ली सापडत नव्हती, परत आले. मी दुकानातून उठून दोनशे पावले चालत यायला तीस वर्षे लावली. तेव्हा शहाणपणा शिकवायचा माझा अधिकार तोकडाच आहे. पण पावतीवरची अट तोकडी नाही.

माझे मागणे असे.

विषय क्रमांक ७ मधून छायाचित्रे, आल्बम आणि काचा वगळाव्यात, आणि आजोबांची वही आधी बाहेर काढून तिची झेरॉक्स दफ्तरी लावावी. फोटो क्रमांक १३८ च्या खालचे रानडे यांचे नाव काढून खरे नाव घालावे आणि ज्या शाळेने तो फळ्यावर लावला तिला तसे पत्राने कळवावे. ज्याचे नाव कळत नाही त्याच्याखाली ‘अनोळखी’ असे लिहावे, त्यात कमीपणा नाही. स्कॅनिंग पुन्हा करावे : १२०० डीपीआयला, दोन्ही बाजूंनी, पुठ्ठ्याच्या कडांसकट, न कापता, न रंगवता, नाकावर शिक्का न मारता. रंगवलेले फोटो ठेवायचेच असतील तर ‘रंग कल्पनेचे’ असे ठळक छापावे. काचा आडव्या एकावर एक रचलेल्या आहेत, खालच्या तडकतील. त्या उभ्या ठेवाव्यात, प्रत्येकीला साधे आम्लमुक्त कागदाचे पाकीट. कपाट ओल्या भिंतीपासून हलवावे, डांबरगोळ्या काढाव्यात. आणि वर्षातून एकदा, एखाद्या रविवारी, ते लोकांना बघायला उघडावे. म्हातारी माणसे येतील, एखाद्या चेहऱ्यावर बोट ठेवून ‘हे आमचे’ म्हणतील. अशीच नावे सापडतात.

स्कॅनिंगचे काम मी करून देतो. माझ्याकडे यंत्र आहे, दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसते. पैसे नकोत. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी यायला तयार आहेत, त्यांना फक्त जिना चढवत नाही, कपाट तळमजल्यावर आणावे लागेल. पाकिटांचा कागद मी आणतो.

आणि हे यातले काहीच जमणार नसेल, तर पावतीतली अट मोडली असे लेखी द्यावे आणि सगळा ऐवज वहीसह मला परत करावा. घरी जागा नाही. बायकोला अजून सांगितलेले नाही.

सभा रविवारी सकाळी दहाला आहे. मी नऊलाच येऊन बसतो. पावती आणि आजोबांचे भिंग मी आणतो, कपाटाची किल्ली कार्यवाहांनी आणावी. वडिलांच्या वेळी सापडली नव्हती, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

कळावे,

आपला,
एक आजीव सभासद